झिजलेला ब्रेक पॅड काय सांगतो

ब्रेक पॅड हा झिजण्यासाठीच बनवलेला भाग आहे. इंजिन, गिअरबॉक्स, बेअरिंग यांनी जितकं कमी झिजावं तितकं चांगलं. पॅडनं मात्र स्वतः झिजत गाडी थांबवायची असते. जाड लोखंडी पत्रा आणि त्यावर घट्ट बसवलेला, नवा असताना दहा-बारा मिलिमीटर जाडीचा घर्षणाचा थर, असं त्याचं साधं रूप. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला असे दोन पॅड दोन्ही बाजूंनी आवळतात आणि गाडीचा वेग उष्णतेत बदलतो.

ही उष्णता किती असते, याचा हिशोब करून पाहावा. हजार किलोची छोटी हॅचबॅक ताशी ८० किलोमीटरनं धावत असेल, तर तिच्यात सुमारे २४७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. तेवढ्यात पाऊण लिटर पाण्याला उकळी फुटेल. जोराचा ब्रेक लागला की ही सारी उष्णता तीनेक सेकंदांत बाहेर पडते, आणि गाडीचं वजन पुढे झुकत असल्यामुळे तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. अशा एकाच थांब्यात पुढच्या डिस्क तीस-चाळीस अंशांनी तापतात. आता लोणावळ्याहून खोपोलीला उतरण्याचा विचार करा. उंचीतला फरक पाचशे मीटरहून अधिक. त्या उतारावर गाडी जी ऊर्जा सोडते, ती ताशी ८० वरून वीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी भरते. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर इंजिन तिच्यातला बराच भाग अंगावर घेतं. न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस तो सगळा पॅड आणि डिस्कवर लादतो. घाटाच्या पायथ्याशी चाकातून येणारा जळका वास हा त्याचाच.

डिस्कची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानं १९०२ साली तिचं पेटंट घेतलं, पण त्या काळी डिस्कवर घासायला तांबं वापरलं जाई आणि त्याचा कर्कश आवाज सहन होण्यासारखा नव्हता. पुढे अनेक दशकं ड्रमच चालले. १९५३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारनं बाजी मारली आणि १९५५ च्या सिट्रोएन डीएसपासून ते मोठ्या संख्येनं बनणाऱ्या मोटारींत आले. ड्रम बंद डब्यासारखा तापत राहतो; डिस्क उघड्या हवेत फिरते म्हणून लवकर निवते. पण उघडं असण्याची किंमतही आहे. पाऊस, चिखल, कोकणातली खारी हवा हे सगळं थेट तिथं पोचतं. घरी ब्रेकचं काम करायला बसाल, तेव्हा तुमचा खरा सामना झिजेपेक्षा या गंजाशीच होईल.

पॅडना डिस्कवर आवळणाऱ्या कॅलिपरची रचना नीट समजली तर पुढचं सगळं सोपं होतं. छोट्या गाडीत पिस्टन बहुधा एकच असतो आणि तोही डिस्कच्या आतल्या बाजूला. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो. पॅड डिस्कला भिडला की उलट प्रतिक्रियेनं अख्खा कॅलिपर दोन गाइड पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरच्या पॅडला डिस्ककडे ओढून घेतो. दोन्ही पॅडना सारखा दाब मिळणं या सरकण्यावरच अवलंबून आहे. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी सील असते. पिस्टन पुढे जाताना ती किंचित पिळवटते आणि पाय उचलला की मूळ आकाराला येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. ब्रेक सोडल्यावर चाक मोकळं फिरतं ते या रबराच्या ताणामुळे. वेगळी स्प्रिंग तिथं नाही. पॅड झिजत जातो तसा पिस्टन सीलमधून हळूहळू पुढे सरकून तिथंच राहतो, म्हणून पेडल खाली जात नाही. ही मला मोटारीतल्या सर्वांत सुंदर रचनांपैकी एक वाटते. मात्र याचमुळे पॅड संपत आले तरी पायाला काही कळत नाही. ते कळवण्याचं काम पॅडवरची पत्र्याची छोटी पट्टी करते. थर संपत आला की ती डिस्कला टेकते आणि चीं असा बारीक, उंच आवाज येऊ लागतो. तो आवाज दुर्लक्षला तर पुढचा आवाज खरखरीचा असतो, आणि तोवर लोखंडी पत्रा डिस्कमध्ये खाचा पाडू लागलेला असतो.

जुने पॅड काढले की फेकू नयेत. आधी चारही शेजारी मांडून बघावेत, कारण झीज कशी झाली यावरून ब्रेकची तब्येत कळते. चारही सारखे झिजले असतील तर ते आपलं आयुष्य जगले. आतला पॅड पत्र्यापर्यंत आला आणि बाहेरचा अर्धाअधिक शिल्लक असेल, तर कॅलिपर सरकत नाही: गाइड पिना सुकल्या किंवा गंजल्या आहेत, नाहीतर पिस्टन मागे येत नाही. एकच पॅड तिरका, पाचरीसारखा झिजला असेल तर तो पॅड धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या खाचेत अडकत होता. डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक असेल तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत होती का, हे आठवावं. नुसते नवे पॅड टाकून गाडी बाहेर काढली, तर हे सगळे दोष तसेच राहतात आणि नवे पॅड काही महिन्यांत जुन्यांसारखेच वाकडे झिजतात. पॅड बदलणं ही अर्ध्या तासाची गोष्ट आहे. त्याच्या आजूबाजूचं साफ करणं, तपासणं, यालाच वेळ लागतो. गर्दीच्या गॅरेजमध्ये नेमकं तेच राहून जातं. हे काम घरी करावं असं मला वाटतं ते पैसे वाचवण्यासाठी कमी आणि या वेळासाठी जास्त.

डिस्कचा निकाल मोजून लावावा, डोळ्यांनी नव्हे. तिच्या कडेवर किंवा मधल्या वाटीवर किमान जाडी कोरलेली असते. उदाहरणार्थ, नवी डिस्क २२ मिलिमीटरची असेल तर किमान आकडा २० च्या आसपास असतो. पातळ डिस्कमध्ये उष्णता साठवायला धातू कमी, म्हणून ती लवकर तापते आणि तडकण्याचा धोका वाढतो. मोजताना एक चूक हमखास होते. पॅड जिथं घासत नाही तिथं बाहेरच्या कडेला गंजाची उंच कड उभी राहते आणि व्हर्नियरचे जबडे तिच्यावरच बसतात. साधा उपाय म्हणजे घासलेल्या भागावर दोन्ही बाजूंना एकेक सपाट नाणं धरून मोजावं आणि नाण्यांची जाडी वजा करावी. आकडा किमानाच्या जवळ आला असेल, खोल खाचा असतील किंवा तडा दिसत असेल, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलाव्यात. लेथवर घासून आणण्याचा पर्याय जाडी शिल्लक असेल तेव्हाच.

ब्रेक मारताना पेडल किंवा स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा ‘डिस्क वाकली’ असं सर्रास म्हटलं जातं. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तिची जाडी जागोजागी किंचित वेगळी झालेली असते. डिस्क चाकाच्या हबवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी जरी तिरकी बसली, तरी प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅडला ओझरती घासत राहते आणि काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा वेगळी झिजते. ती तिरकी बसते ती बहुधा हबवरच्या गंजाच्या खपलीमुळे. म्हणजे नवी कोरी डिस्क घाणेरड्या हबवर बसवली की थरथरीची तयारी त्याच दिवशी झाली.

हे काम घरी कधी करू नये, हेही स्पष्ट सांगायला हवं. सपाट, कडक जमीन नसेल तर करू नये. सोसायटीच्या उतारावर किंवा मुरमाच्या अंगणात तर मुळीच नाही. गाडीला इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर मागच्या कॅलिपरला ती यंत्रणा दुरुस्तीच्या स्थितीत नेल्याशिवाय हात लावू नये. मागे डिस्क असलेल्या गाडीत हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल, तर पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. होज पाइपला चिरा असतील, कॅलिपरमधून ऑइल पाझरत असेल किंवा पेडल आधीपासूनच मऊ लागत असेल, तर दुखणं पॅडचं नाही आणि ते जाणत्या मेकॅनिककडेच जावं. काही जुन्या गाड्यांत डिस्क हबच्या मागच्या बाजूनं जखडलेली असते; तिथं हब उतरवावा लागतो, तोही घरचा उद्योग नव्हे. पहिल्यांदा करताना शेजारी हे काम केलेला कुणीतरी उभा असावा.

सामानात जॅकइतकाच जॅक स्टँड महत्त्वाचा. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. विटा, दगड, जुनी चाकं यांच्यावर गाडी टेकवू नये; वीट आधी सूचना न देता फुटते. गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच आधार द्यावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक ओढलेला असावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, कारण उचलल्यावर चाक फिरू लागतं. काम दोन्ही चाकांचं करायचं, पण एका वेळी एकच बाजू उघडायची. क्लिप कुठल्या दिशेनं होती याचा घोळ झाला, तर दुसरं चाक बघून उत्तर मिळतं.

चाक निघालं की मोह होतो तो धूळ फुंकून टाकण्याचा. तो टाळावा. पॅडमध्ये पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की कर्करोगाला कारण ठरतात. स्वस्तातल्या पॅडमध्ये काय आहे याची खात्री देता येत नाही, आणि अ‍ॅस्बेस्टॉस नसलं तरी ती बारीक धूळ छातीत जाऊ नये. मास्क लावावा आणि ब्रेक क्लीनर फवारून किंवा ओल्या फडक्यानंच धूळ काढावी; हवेचा पाइप लावू नये.

खालचा गाइड पिन-बोल्ट काढला की बऱ्याच गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनेवर उघडतो आणि पॅड हाताशी येतात. डिस्क बदलायची असेल तर कॅलिपर पूर्ण उतरवून, मागचे दोन मोठे बोल्ट सोडून ब्रॅकेटही काढावं लागतं. उतरवलेला कॅलिपर होज पाइपवर लोंबकळू देऊ नये. पाइप बाहेरून धड दिसतो, पण आतलं अस्तर फाटू शकतं. तारेनं किंवा सुतळीनं कॅलिपर सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवावा. एबीएसच्या सेन्सरची बारीक वायर जवळूनच जाते, तिला ताण पडत नाही ना, तेही पाहावं. या अवस्थेत पेडलला कुणाचाही पाय लागता कामा नये, नाहीतर पिस्टन बाहेर निसटून सगळं ऑइल सांडेल.

जुनी डिस्क सहजी निघत नाही. एखादा छोटा स्क्रू तिला हबला धरून असेल; तो गंजला असेल तर साध्या स्क्रू ड्रायव्हरनं त्याचं डोकं खराब होतं, म्हणून ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. पुष्कळ डिस्कच्या वाटीत आटे पाडलेली दोन रिकामी भोकं असतात आणि ती कशासाठी, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्यांत त्या मापाचे बोल्ट घालून आळीपाळीनं थोडेथोडे आवळत गेलं, की डिस्क हबपासून आपोआप सुटून पुढे येते. हातोड्याचे घाव घालून बेअरिंगला इजा करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता हब. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन त्याचा चेहरा धातू चमकेपर्यंत घासावा. बोल्टच्या मुळाशी आणि मधल्या उंचवट्याच्या कोपऱ्यात गंज दडून बसतो, तिथं जास्त वेळ द्यावा. नवी डिस्क गंजरोधक तेल लावून येते. ते ब्रेक क्लीनरनं दोन्ही बाजूंनी पुसून काढावं, नाहीतर ते थेट नव्या पॅडमध्ये मुरेल. डिस्क चढवल्यावर दोन नटांनी हबला आवळून हातानं फिरवून पाहावी आणि ती डगमगत नाही, याची खात्री करावी.

पिस्टन मागे ढकलण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहावी. पॅड झिजल्यावर पिस्टन पुढे येतो आणि त्याच्या मागची जागा भरण्यासाठी डबीतली पातळी उतरते. दरम्यान कुणी वरून ऑइल भरलं असेल, तर पिस्टन मागे जाताना ते उतू जाईल, आणि हे द्रव्य रंगावर पडलं तर रंग उचलतं. पातळी जास्त असेल तर स्वच्छ पिचकारीनं थोडं काढून घ्यावं. सांडलंच तर लगेच पाण्यानं धुवावं. जुना पॅड पिस्टनवर धरून सी-क्लँपनं सावकाश, सरळ दाबत न्यावं. पिस्टन अडखळत असेल किंवा त्याचं रबरी कव्हर फाटलेलं असेल तर तिथंच थांबून कॅलिपरची दुरुस्ती करून घ्यावी.

ब्रेक ऑइल म्हणतात ते प्रत्यक्षात तेल नव्हे. साध्या गाड्यांत ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि ब्रेकमधली रबरं त्याला सोसतील अशीच बनवलेली असतात. खनिज तेलाचा थोडासा अंशही त्या रबरांना फुगवतो. म्हणून डबीत इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ नये, आणि गाइड पिनांनाही बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस लावू नये. त्यांच्यासाठी रबराला चालणारं सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस मिळतं. पिना बाहेर काढून जुनं चिकट ग्रीस पुसावं, छिद्र साफ करावं, पातळ थर लावावा आणि पिन बोटानं ढकलल्यावर अलगद सरकते का, हे पाहावं. पॅडचे कान ज्या खाचांत बसतात तिथला गंज घासून काढून नव्या क्लिपा घालाव्यात. पॅड हातानं सरकला पाहिजे, ठोकून बसवावा लागता कामा नये. पॅडच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला आणि डिस्कला मात्र ग्रीसचं बोटही लागू देऊ नये. झीज कळवणारी पट्टी असलेला पॅड आत की बाहेर, हे पुस्तकात किंवा दुसऱ्या चाकात पाहून ठरवावं.

ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, ही या द्रव्याची मोठी अडचण आहे. डॉट-४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल शिरलेल्या डॉट-४ साठी तोच आकडा १५५ वर येतो. डॉट-३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. लांब उतारावर कॅलिपर तापून ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. कोकणात राहणाऱ्यानं दोन वर्षांनी ऑइल बदलायचं वेळापत्रक कधी चुकवू नये. उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या खेपेला वापरू नये. ऑइल बदलणं, हवा काढणं हे वेगळं काम आहे. पॅड-डिस्क बदलताना पाइप उघडावा लागत नाही, म्हणून हवा शिरण्याचा प्रश्न येत नाही.

बोल्ट आवळताना अंदाज नको. ब्रॅकेटच्या मोठ्या बोल्टना आणि गाइड पिनांच्या छोट्या बोल्टना लागणाऱ्या जोरात मोठा फरक असतो, आणि दोन्हीचे न्यूटन-मीटरचे आकडे आपल्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्यावेत. टॉर्क रेंच महाग वाटत असेल तर उसना आणावा. लांब पाइप लावून नट आवळल्यानं आटे खराब होतात आणि चाक असमान आवळलं गेल्यानं डिस्कवरही ताण येतो. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानं आवळायचे आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकल्यावर द्यायचा.

मग गाडी सुरू करण्याआधी, जागेवरच, पेडल दाबायचं. पिस्टन मागे ढकलल्यामुळे पॅड आणि डिस्क यांत मोठं अंतर पडलेलं असतं. पहिल्या काही दाबांत पेडल थेट तळाला जातं आणि पिस्टन पुढे येत येत मग ते कडक होतं. हे विसरून गाडी मागे घेतली तर भिंतीपर्यंत ब्रेक लागणार नाही. कामाच्या सगळ्या टप्प्यांत ही एक गोष्ट मी स्टिअरिंगला चिठ्ठी चिकटवून लक्षात ठेवावी म्हणेन. पेडल कडक झालं नाही, तर गाडी हलवायची नाही. कडक झाल्यावर डबीतली पातळी पाहून खुणेपर्यंत आणावी, इंजिन सुरू करून पुन्हा पेडल तपासावं आणि आवारातच चालण्याच्या वेगानं दोन-चारदा थांबून पाहावं.

नवे पॅड आणि नवी डिस्क पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीनं धरत नाहीत. पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना, ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोरानं वेग उतरवावा, मग काही अंतर ब्रेक न मारता चालवून डिस्क निवू द्यावी, आणि असं आठ-दहा वेळा करावं. पॅडच्या कंपनीनं वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळावी. गरम डिस्कवर पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नये; पॅडचा ठसा त्याच जागी चिकटतो आणि पुढे थरथर होते. पहिले दोनेकशे किलोमीटर घाट टाळावा आणि पुढच्या गाडीशी अंतर जास्त ठेवावं. थोडा वास आणि हलकीशी घरघर या काळात येते. चाकाची जाळी हाताला भाजण्याइतकी तापत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ते बसण्याचं लक्षण नाही. चाक पुन्हा उघडायचं.

पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क रेंचनं परत तपासावेत आणि ब्रेक ऑइलची पातळी एकदा पाहावी. जुन्या डिस्क बिडाच्या असतात, भंगारवाला त्या घेतो. नव्या पॅडची आणि डिस्कची जाडी, तारीख आणि मीटरवरचा आकडा गाडीच्या पुस्तकात लिहून ठेवावा. पुढच्या वेळी पंक्चर काढायला चाक उतरेल, तेव्हा दोन मिनिटं देऊन पॅडची जाडी त्या नोंदीशी ताडून पाहावी आणि ती तीन मिलिमीटरवर आली की नवे पॅड मागवावेत.